टाक, दौत आणि न खोडता येणारी रेघ

सुरत म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक शिवाजी महाराजांची स्वारी (खरं तर दोन स्वाऱ्या, १६६४ आणि १६७०) आणि दुसरी साडी. पण याच सुरतेच्या आग्नेयेला, उधन्याच्या बाजूला डिंडोली नावाची वस्ती आहे. तिथं फिरताना आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होतं. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून मागावर आणि कापडबाजारात कामाला आलेली खानदेशी माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरात अहिराणी, देव्हाऱ्यापुढे मराठी आरती, दुकानात गुजराती. सुरत महापालिका सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवते, त्यांत मराठीही आहे.

माझी मेहुणी लग्न झाल्यापासून तिथंच असते. तिचा मुलगा सध्या टाक आणि काळी शाई घेऊन चित्रं काढू लागला आहे. परवा फोनवर त्यानं विचारलं, "काका, शाईची रेघ खोडताच येत नाही, मग शिकायचं कसं?" कारकुनाला विचारण्याजोगाच प्रश्न! आमचं सारं आयुष्य शाईत गेलेलं. पण उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं, की या प्रश्नाचं उत्तर चित्रकलेच्या पुस्तकापेक्षा छपाईच्या इतिहासात जास्त सापडतं. आणि त्या इतिहासात आपल्या गोव्याची माणसं ठायी ठायी भेटतात.

सुरुवातच एका कारकुनापासून करू. यान हुइखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ साली गोव्यात आला तो आर्चबिशपचा चिटणीस म्हणून. पाचेक वर्षं इथं राहिला. हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळता सांभाळता त्यानं बाजार, पालख्या, माणसांचे पेहराव, झाडंपेडं टिपून ठेवली. १५९६ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात त्याच्या चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या आकृत्या छापल्या आहेत. जुन्या गोव्याच्या भर बाजाराचं जे चित्र आपण अनेक पुस्तकांत पाहतो ते तिथलंच. छपाईला रेघ कळते, रंगाची छटा कळत नाही. म्हणून सावलीसुद्धा रेघांनीच भरायची, हा धडा तेव्हापासूनचा.

पुढं तीनशे वर्षांनी आपल्याकडे मासिकं निघू लागली तेव्हा हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. त्या काळात चित्र छापायचे मुख्य मार्ग दोन. छायाचित्रासारखं चित्र छापायचं तर हाफटोन ब्लॉक, तो महाग, आणि त्याला गुळगुळीत कागद लागणार. दुसरा लाइन ब्लॉक. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं काढलेल्या चित्राचा कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रा आम्लात बुडवायचा. रेघा उंच राहतात, बाकीचं खाल्लं जातं. हा पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकला की खिळ्यांच्या बरोबरीनं साध्या कागदावर छापता येतो. गरीब मासिकाला हेच परवडणारं. टाकानं काढलेली चित्रं आपल्या कथा-कवितांच्या शेजारी येऊन बसली ती अशी, पैशाच्या हिशेबानं. कलेचा इतिहास पुष्कळदा जमाखर्चाच्या वहीतच लिहिलेला असतो!

या कामी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा (स्थापना १८५७) मोठा हातभार लागला. कोल्हापुरात जन्मलेले म. वि. धुरंधर (१८६७ ते १९४४) तिथं शिकले, तिथंच शिकवू लागले, आणि तैलचित्रांइतक्याच हौसेनं पुस्तकांसाठी चित्रं काढत राहिले. डिंडोलीच्या मुलानं लक्षात ठेवावं असं म्हणजे, हाजी महंमद अलारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये मुंबईतून काढलेल्या 'वीसमी सदी' या गुजराती मासिकातही धुरंधरांची चित्रं आहेत. १९२४ साली रविशंकर रावळांनी अहमदाबादेत 'कुमार' सुरू केलं. मराठी आणि गुजराती अशी भिंत या चित्रांत नव्हती.

आता आपल्या माणसांकडे येतो. दीनानाथ दलाल १९१६ साली मडगावात जन्मले. रघुवीर मुळगावकर १९१८ साली असनोड्याचे. दोघेही मुंबईला गेले आणि तीसेक वर्षं मराठी घराघरांतली दिवाळी त्यांनीच रंगवली. दलालांचा 'दीपावली' अंक १९४५ पासून निघू लागला. मुळगावकरांची मुखपृष्ठं बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर झळकली. लोकांना दोघांचे रंग आठवतात. पण जुना अंक हाती आलाच तर आतली काळी-पांढरी पानं उलटून बघा. चार रेघांत पदर, दोन रेघांत मान. तिथं रंगाचा आधार नाही, सगळा भार हाताच्या वळणावर.

तिसरे मारियो मिरांडा. घर लोटलीचं, पण जन्म १९२६ चा दमणचा. म्हणजे डिंडोलीहून शंभरेक किलोमीटरवर, वापीला उतरलं की आलंच! लहानपणी ते घरातल्या भिंती रंगवत, म्हणून आईनं कोरी वही आणून दिली. पुढं तीच त्यांची रोजनिशी झाली. रोजचं घडलेलं रोज चित्रांत लिहायचं. त्यांची १९४९ ते १९५१ या वर्षांची रोजनिशी पुस्तकरूपानं छापून आली आहे. गावचे पाद्री, बँडवाले, लग्नाची जेवणं, भांडणं, सगळं त्यात आहे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. पदवी घेतली ती इतिहासाची, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये. त्यांची शाळा म्हणजे ती वही.

आणि ते एकटे नव्हते. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. नं प्रवेश नाकारला होता हे सर्वश्रुतच आहे. कोल्हापूरचे वसंत सरवटे (१९२७ ते २०१६) पेशानं स्थापत्य अभियंता, सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून रेखाटणारे. 'ललित' मधला ठणठणपाळ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो सरवट्यांच्या रेघेतून. तैलचित्राला स्टुडिओ लागतो, मूर्तीला अंगण लागतं. टाक-शाईला एक टेबल पुरतं. त्यामुळे ज्यांना कलेच्या शाळेचं दार उघडलं नाही, किंवा ज्यांनी ते ठोठावलंच नाही, त्यांना ही वाट सापडली.

तर मग खोडता न येणाऱ्या रेघेचं काय? गंमत अशी, की छापील पानावर आपल्याला दिसणारी ती बिनचूक रेघ बऱ्याचदा बिनचूक नसायची. ब्लॉकसाठी चित्र काढणारे चुकलेल्या जागी पांढरा रंग लावत, ब्लेडनं शाई खरवडत, कधी वेगळा तुकडा काढून वर चिकटवत. कच्चं रेखाटन फिक्या निळ्या पेन्सिलीनं करत, कारण ब्लॉकच्या फिल्मवर निळं उमटत नसे. शिवाय चित्र छापायच्या मापापेक्षा मोठं काढायची पद्धत होती. ब्लॉक करताना ते लहान झालं की हाताचा कंपही बारीक होऊन जाई. म्हणजे शिकणारा मुलगा आपल्या वहीची तुलना ज्या पानाशी करतो, ते पान धुऊनपुसून, लहान करून त्याच्यापुढे आलेलं असतं. ही तुलनाच न्याय्य नाही. हे कुणी वेळेवर सांगत नाही आणि कितीतरी मुलं दुसऱ्या आठवड्यात टाक ठेवून देतात.

म्हणून शिकणाऱ्यासाठी थोडं व्यवहाराचं. साधा कार्ट्रिज कागद, एक टाक, दोन निबा आणि पाण्यानं न विरघळणारी काळी शाई, एवढं पुरे. (शाईचा कारखाना आपल्या माणसांनीही उभा केला. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेला व्यवसायच पुढे कॅमलिन झाला.) नीब दाबली की तिची फट उघडते आणि रेघ जाड होते, दाब काढला की बारीक. पहिले काही दिवस चित्र काढूच नये. पाच चौकोन आखावेत. पहिला कोरा, शेवटचा काळाकुट्ट, मधले तीन विरळ-दाट रेघांनी भरावेत. आडव्या रेघांवर तिरप्या टाकल्या की जाळी होते, जाळी दाट झाली की अंधार. मग तांब्या, चप्पल, खिडकी असं समोरचं काहीही. शाई वाळेपर्यंत हात फिरवू नये आणि काम झाल्यावर नीब धुऊन पुसावी. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ ओढावी. मारियोंची वही मिटवामिटवीनं भरली नाही, रोज नवं पान उलटून भरली.

जाता जाता एक खंत. दलाल-मुळगावकर आपल्या मराठी कपाटात आणि मारियो इंग्रजी कपाटात, अशी वाटणी आपण गोंयकारांनी करून टाकली आहे. भाषेच्या वादात माणसंही वाटली गेली. मराठी वाचणाऱ्या कित्येकांच्या घरी मारियोंचं एकही पुस्तक नाही, आणि मारियोंवर जीव टाकणाऱ्या कित्येकांना दलाल मडगावचे हे ठाऊक नाही. वास्तविक तिघांनी दहा वर्षांच्या अंतरात जन्म घेतला, तिघांनी मुंबईच्या छापखान्यांसाठी काम केलं. एकाच दौतीतली शाई ती. ब्लॉक बनवणारे आता राहिले नाहीत, पुष्कळशी मूळ चित्रं छापखान्यांतच हरवली. उरले आहेत ते माळ्यावरचे जुने दिवाळी अंक. ते रद्दीत घालण्याआधी आतली पानं एकदा नजरेखालून घाला, आणि घरात टाक धरू पाहणारं कुणी असेल तर त्याच्या हाती द्या.