फाळक्यांचा वाटाणा

मोबाइलचा कॅमेरा उघडून 'फोटो', 'व्हिडिओ' असं सरकवत गेलं की एका टोकाला 'टाइमलॅप्स' सापडतं. बहुतेकांनी ते एकदा तरी वापरलेलं असतं. एसटीच्या खिडकीतून पळणारा रस्ता, नाहीतर गच्चीवरून ढग. दहा सेकंदांचा तुकडा स्टेटसला जातो, चोवीस तासांनी उडतो आणि विषय संपतो. आपल्याकडे या खेळाची सुरुवात मात्र घरदार पणाला लावून झाली होती, आणि तीही एका वाटाण्यावर.

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. ३ मे १९१३, गिरगावातलं कॉरोनेशन. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ साली, फाळक्यांनी दादरच्या घरी एक अगदी छोटी फिल्म केली होती. नाव 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून जास्त काळ चित्रण केलं. पडद्यावर ते सगळं मिनिटभरात घडायचं. मातीतून कोंब वर येतो, पानं फुटतात, वेल होते.

ही करामत करायची वेळ का आली, ते आधी पाहू. १९११ च्या एप्रिलमध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहून फाळक्यांच्या डोक्यात आपल्या देवादिकांचे चित्रपट काढायचं वेड शिरलं. तोवर फोटोग्राफी करून झाली होती, छापखाना करून झाला होता, जादूचे प्रयोगसुद्धा झाले होते. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. तिथे काम पाहून, विल्यमसन कॅमेऱ्याची, फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राची आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून फाळके १ एप्रिलला परत आले. आता यंत्रं येणार होती, पण चित्रपटाला पैसे नव्हते. सावकाराला 'मी चित्रपट काढणार' असं सांगून कोण उभं करणार? म्हणून काहीतरी दाखवणं भाग होतं.

फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे कर्ज द्यायला तयार झाले. नाडकर्णी स्वतः फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी होते. कॅमेरा म्हणजे काय हे ज्याला कळत होतं असा माणूस त्या मिनिटभराच्या फिल्मवर पैसे लावायला तयार झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

हा किस्सा आपल्याकडे हुशारीचा म्हणून सांगितला जातो. बघा, सावकाराला कसं पटवलं! सांगताना कुणीतरी हमखास जोडतं की फाळके रोज एक फ्रेम घ्यायचे. इथे माझं डोकं अडकलं. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरतात. मिनिटाच्या झाल्या ९६०. रोज एकच फ्रेम घेतली तर ४० दिवसांनी हातात ४० फ्रेम, म्हणजे पडद्यावर अडीच सेकंद. अडीच सेकंदांत वाटाणा उगवला की नाही हे कळायच्या आत पडदा पांढरा होईल.

हिशेब उलटा करू. ९६० फ्रेम, ४० दिवस, म्हणजे रोज २४. दिवसाउजेडीचे बारा तास धरले तर दर अर्ध्या तासाला एक. रात्रीही दिवा लावून काम चालवलं तर दर तासाला एक. दिवस पाचसात कमीजास्त करा, उत्तर फारसं हलत नाही. कॅमेऱ्याला टायमर नव्हता, हातानेच फिरवायचा होता. म्हणजे महिनाभर, दर अर्ध्या-एक तासाने, त्या घरातल्या कुणालातरी उठून कुंडीपाशी जावं लागत होतं. जेवण, झोप, पाहुणे, लेकरांचं रडणं, सगळं त्या अर्ध्या तासात बसवून.

आणि हे घर रिकामं नव्हतं. सरस्वतीबाई होत्या, मुलं होती. कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय मिळायची. ती अंधारात बसून यंत्राने पाडायची, आणि ते काम सरस्वतीबाई शिकल्या होत्या. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फ्रेमला एका बाजूला चार भोकं असतात. मिनिटभराच्या फिल्मला दोन्ही बाजू मिळून ७,६८०. शाळेच्या पुस्तकात 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' एवढ्या एका ओळीत हा हिशेब बसत नाही.

भोकरला घरी मी हे करून पाहिलं, मुख्यतः आकडा तपासायला. किराणा दुकानातला वाळका वाटाणा रात्रभर भिजवला, अर्ध्या कापलेल्या बाटलीत चाळलेली काळी माती आणि थोडी वाळू भरली, आणि खिडकीजवळ दोन विटांवर जुना मोबाइल रबराने बांधून ठेवला. मोबाइलमधलं तयार टाइमलॅप्स इथे उपयोगाचं नाही. ते ढगांसाठी ठीक आहे, रोपाला फार घाईचं पडतं. ओपन कॅमेरासारख्या मोफत ॲपमध्ये ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायची सोय असते. मी दर वीस मिनिटांना एक ठेवला. फोकस आणि उजेड लॉक केला, चार्जर लावून ठेवला, रात्री एक एलईडी बल्ब चालू. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना एवढं सामान पुरतं. बाकी दोनच गोष्टी सांभाळायच्या. एक, मोबाइल आणि भांडं यातलं काहीही तसूभर हलता कामा नये. दुसरी, खिडकीच्या उन्हावर भिसत ठेवू नये. ढग आला-गेला की फिल्म लुकलुकते.

मधे लाईट गेली ती रात्रीची चार तास. त्या बारा फोटोंत नुसता काळोख आहे.

पण खरी शिकवण पहिल्या पाच दिवसांची. काहीच होत नाही! मूग किंवा चवळी पेरली तर डाळिंबी जमीन फोडून वर येते, गंमत लगेच दिसते. वाटाण्याच्या दोन्ही डाळी मातीखालीच राहतात. वर येतो तो एकदम वाकडा, आकड्यासारखा कोंब, आणि तोही आठवडा होत आल्यावर. तोवर साडेतीनशेच्या वर फोटो नुसत्या मातीचे. माझे फोटो फुकटचे होते. फाळक्यांची फिल्म विकतची, विलायतेहून आलेली, कर्जाच्या आशेवर घेतलेली. आणि ती धुवून काढेपर्यंत आत काय उमटलंय हे दिसायची सोय नाही. हातफिरवणीच्या कॅमेऱ्यात अजून एक अडचण असते. शटर हँडलला जोडलेलं असतं. हात हळू फिरला तर फ्रेम उजळ, जोरात फिरला तर काळपट. सलग चित्रण करताना हे सावरून जातं. एकेक फ्रेम घेताना प्रत्येक वेळी हाताचा वेग तोच ठेवावा लागतो, महिनाभर.

कोंब वर आल्यावर मात्र मजा येते. नुसत्या डोळ्यांना तो सरळ वाढताना दिसतो. फिल्मवर तो डोकं गोल गोल फिरवत, चाचपडत वर जातो, आणि तणावे निघाले की ते हवेत आधार शोधू लागतात. चार्ल्स डार्विनने ही हालचाल कॅमेऱ्याशिवाय टिपली होती. रोपासमोर काच ठेवायची, शेंड्याची जागा ठरावीक वेळाने ठिपक्याने नोंदवायची आणि ठिपके जोडायचे. १८८० च्या त्याच्या पुस्तकात अशा आकृत्या भरल्या आहेत. टाइमलॅप्सच तो, हाताने काढलेला.

फाळक्यांनी हे तंत्र शोधून काढलं असं फॉरवर्ड आलं तर पुढे पाठवू नका. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच रोपांची अशी चित्रणं केली होती. न्यूयॉर्कमध्ये १९०१ साली स्टार थिएटर पाडतानाची फिल्म दर चार मिनिटांना एक फ्रेम घेऊन तयार झाली. आणि लंडनमध्ये पर्सी स्मिथ नावाचा सरकारी कारकून होता. फोटोग्राफी हा त्याचा छंद, तोच पुढे धंदा झाला. त्याची 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' १९१० ची, म्हणजे फाळके लंडनला पोचायच्या दोन वर्षं आधीची. फुलं उमलायची, लोक अचंबित व्हायचे. स्मिथने घरभर घड्याळं आणि दोऱ्या-चाकांची यंत्रं जोडली होती. काही बिघडलं की पलंगाजवळ घंटा वाजायची.

स्मिथकडे घंटा होती, पाठीशी निर्माता होता. दादरच्या घरात माणसं होती. मला फरक इथे दिसतो. नाडकर्णींनी पडद्यावर वाटाणा पाहिला असेल, पण सामानाचे व्यापारी होते ते. एक मिनिट फिल्म म्हणजे किती वेळा हँडल, किती दिवस एका जागी, हा हिशेब त्यांना तिथल्या तिथे करता आला असणार. पौराणिक चित्रपट काढू म्हणणारे बोलघेवडे मुंबईत कमी नव्हते. महिनाभर कुंडी न हलवू देणारा माणूस मिळणं अवघड.

कर्ज मिळालं, सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण गेले आणि 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला. 'अंकुराची वाढ' आज आपल्याला पाहायला मिळत नाही. आपल्याकडे उरलं आहे ते तिचं वर्णन.

फाळक्यांनी ही एकेक फ्रेमची युक्ती सोडली नाही. पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. तिच्यात काड्या आपोआप हलून आकृत्या करतात. काडी थोडी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. वाटाण्याइतकी वाट पाहायची कुणाची तयारी नसेल त्याने इथून सुरुवात करावी. टेबलावर काळा कागद, वर बांधलेला मोबाइल, आणि काडेपेटीतल्या पन्नास काड्या. दहा सेकंदांसाठी सव्वाशे-दीडशे फोटो लागतात, एका दुपारीत होतं. फक्त पंखा बंद ठेवा.