गोमंतकीय चोरिसाची पूर्वपीठिका

चोरिस हा पदार्थ फिरंग्यांनीं गलबतांतून आणला व तो जसाच्या तसा गोमंतकांत राहिला, असा समज आपल्या लोकांत सर्रास आढळतो. नांव पोर्तुगीज आहे यांत शंका नाहीं. परंतु नांवावरून वस्तूचें कुळ ठरवूं गेल्यास फसगत होते, आणि येथें तर ज्या गृहिणींनीं हा पदार्थ खरोखर घडविला त्यांचें श्रेय बुडतें. म्हणून हें थोडेसें विवेचन.

पोर्तुगालच्या उत्तरेकडील डोंगरी मुलखांत डुकराचा वध ऐन हिवाळ्यांत करण्याची चाल होती. गारठ्यामुळें मांस लवकर नासत नसे. मीठ, लसूण व द्राक्षांची दारू यांत तें मुरवीत, आंतड्यांत भरीत आणि चुलीवरच्या धुरांत व कोरड्या गार वाऱ्यांत कित्येक दिवस टांगून ठेवीत. मीठ मांसांतील पाणी ओढून घेतें, वारा उरलेलें सुकवितो आणि पाणी आटलें म्हणजे कुजविणाऱ्या जंतूंचें कांहीं चालत नाहीं. आपल्या उत्तर कोंकणच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवितात त्यांतील तत्त्व हेंच.

सन १५१० त गोवा पोर्तुगीजांच्या हातीं गेला, पण त्यांच्या गांवचा हिवाळा कांहीं त्यांच्याबरोबर आला नाहीं. येथील हवा दमट. जूनपासून चार महिने उन्हाचा भरंवसा नाहीं. केवळ वाऱ्यावर टाकलेलें मांस सुकण्यापूर्वींच सडावयाचें. द्राक्षेंही नव्हतीं, माड मात्र मुबलक होते. माडाची सूर आंबवून केलेला शिरका द्राक्षांच्या दारूच्या जागीं आला आणि वाऱ्याचें अर्धें काम त्या आंबटपणानें उचललें. मिरची तर दोन्ही देशांना नवीनच. ती अमेरिकेंतली, सन १४९२ नंतर युरोपास कळली व पोर्तुगीज जहाजांतून इकडे आली. तेव्हां ज्या तांबड्या रंगावरून आपण चोरिस ओळखतों, तो रंग त्यापूर्वीं पोर्तुगालच्या चोरिसासही नव्हता!

गोमंतकीय घरांतील रीत साधारणतः अशी: डुकराचें मांस चरबीसकट लहान तुकडे करून मिठांत घालावयाचें व वर वजन ठेवून पाणी निथळूं द्यावयाचें. मग मिरची, मिरीं, हळद, जिरें, लवंग, दालचिनी, आलें व भरपूर लसूण शिरक्यांत वाटून तो मसाला मांसाला चोळावयाचा. या वाटणांत साधें पाणी पडूं द्यावयाचें नाहीं, यावर जुन्या बायकांचा मोठा कटाक्ष. दोनतीन दिवस मुरल्यावर स्वच्छ केलेल्या आंतड्यांत भरून जागोजाग दोऱ्यानें आंवळावयाचें, म्हणजे जपमाळेच्या मण्यांसारखी माळ होते. ती दिवसां उन्हांत व एरवीं चुलीवर धुरांत टांगावयाची.

ही काळजी वायफळ नव्हती. वुर्टेंबर्ग येथील वैद्य व कवि युस्टिनुस केर्नर यानें १८२० व १८२२ सालीं सॉसेजांतील विषबाधेवर ग्रंथ लिहिले. सॉसेजास लॅटिनमध्यें 'बोटुलुस' म्हणतात. त्यावरूनच त्या रोगास 'बोट्युलिझम' हें नांव पडलें. सन १८९५ त बेल्जममधील एल्झेल गांवीं प्रेतयात्रेस आलेल्या वादकांनीं खारवलेली डुकराची मांडी खाल्ली व त्यांतील तिघे दगावले. तीच मांडी तपासून वान एर्मेंगेम यानें त्या रोगाचा जंतु शोधून काढला. ४.६ पेक्षां कमी पीएच, म्हणजे पुरेसा आंबटपणा, असल्यास तो जंतु वाढत नाहीं, हें आतां ठाऊक आहे. शिरका हात आंखडून घालणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. शिवाय पोर्तुगालांत पुष्कळ चोरिस न शिजवितां कापून खातात. गोव्याचा शिजवूनच खावयाचा.

या साऱ्याचा पाया मीठ, आणि मिठावरच एकदां घाला आला. सन १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानें गोव्यांतील मिठागरांचा कारभार इंग्रज सरकारच्या देखरेखीखालीं गेला व ब्रिटिश हिंदुस्थानांतील जबर कर तेथील मिठावर बसला. ज्या गोव्याच्या खाडीकांठीं मीठ पिकत होतें तेथेंच तें गरिबाला महाग झालें. मासळी खारविणें काय, मांस खारविणें काय, दोन्हींस त्याची झळ लागली. सन १८९२ त तो तह संपला. कागदोपत्रीं ही गोष्ट रेल्वेच्या व जकातीच्या वाटाघाटींत दडून जाते; स्वयंपाकघरांत मात्र ती तशी दडली नसावी.

पावसाळ्याच्या तोंडावर गोमंतकांत जी बेगमी करतात तिला 'पुरुमेंत' म्हणतात. हा शब्दही पोर्तुगीज 'प्रोविमेंतो'वरून आला. सुकी मासळी, मिरची, कोकमें, कांदे यांबरोबर चोरिसाच्या माळाही त्या बेगमींत असत. पुढें नोकरीसाठीं मुंबईस आलेले गोमंतकीय व बोटींवरील खलाशी धोबी तलावाच्या आसपासच्या आपापल्या गांवांच्या कुडांत उतरत, तेव्हां घरून बांधून दिलेल्या सामानांत हीच माळ येई. समुद्रप्रवासांतही ती टिके, आणि भातांत शिजविली कीं चार माणसांस पुरे.