खवाट्यावर टणक गाठ? तरुण वयात ती बहुतेकदा कॅन्सरची नसते, तरीही एक्स-रे का हवा?

दप्तराचा पट्टा टोचतो, हात वर केला की पाठीत ‘कटकट’ वाजतं, एका बाजूचा खवाटा वर आलेला दिसतो. शाळा-कॉलेजातल्या मुलांमध्ये अशा तक्रारींमागे हाडाची साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ असू शकते.

ही गाठ म्हणजे काय?
खवाटा म्हणजे खांद्यामागचं चपटं, त्रिकोणी हाड. तिथल्या साध्या गाठींमध्ये ‘ऑस्टिओकॉन्ड्रोमा’ सर्वाधिक आढळते. वाढीच्या वयात हाडालाच फुटलेला हा कोंब असतो आणि त्याच्या टोकावर कूर्चेची टोपी असते. शरीराची वाढ थांबली की गाठही सहसा वाढायची थांबते.

त्रास का होतो?
हात हलवताना खवाटा बरगड्यांवरून सरकतो. गाठ आतल्या बाजूला असेल तर ती तिथे घासते. अशी गाठ हाताला लागतही नाही.

उपचार काय?
आधी एक्स-रे. त्यात बरगड्या आड आल्या तर सीटी स्कॅन, कूर्चेची जाडी पाहायला एमआरआय. त्रास नसेल तर गाठ काढावी लागत नाही, डॉक्टर अधूनमधून तपासतात. दुखत असेल किंवा हालचाल अडत असेल तर शस्त्रक्रिया होते. मालिश किंवा लेपाने ही गाठ विरघळत नाही.

सावध कधी व्हायचं?
- वाढीचं वय संपल्यावरही गाठ मोठी होत असेल
- रात्री झोपमोड होईल इतकं दुखत असेल
- ताप येत असेल, वजन घटत असेल
- अंगावर अनेक ठिकाणी अशा गाठी असतील. हा प्रकार बहुधा आनुवंशिक असतो

एकट्या गाठीचा कॅन्सर होण्याचं प्रमाण साधारण १ टक्का मानलं जातं. पण ‘इविंग सारकोमा’ हा मुलांमधला हाडाचा कॅन्सरही खवाट्यात होऊ शकतो. नुसतं चाचपून फरक कळत नाही, म्हणून तपासणी हवी.

बुलढाणा जिल्ह्यात कुठे जायचं?
सुरुवात बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातून किंवा खामगावच्या सरकारी रुग्णालयातून करता येते. पुढच्या तपासण्यांसाठी अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं, तर १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यांनाही गाठ दाखवता येते. शस्त्रक्रिया ठरली, तर ती महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.