बँकेच्या पैशावरची भाषा : कॅनडातील टोकनांचा छंद आणि इतिहास



नाणे पाडण्याचा अधिकार राज्यकर्त्याचा, असे आपण शाळेपासून शिकलो. शिवराई घ्या, कंपनीचा पाव आणा घ्या किंवा आजचा रुपया घ्या. त्यावर सत्तेचे नाव असतेच. आज मी ज्या नाण्यांविषयी सांगणार आहे, त्यांच्यावर बँकांची नावे आहेत. कॅनडा ब्रिटिशांची वसाहत असताना तिथल्या काही बँकांनी तांब्याचे पैसे स्वतःच्या नावाने चलनात आणले. नाणेसंग्राहक त्यांना ‘बँक टोकन’ म्हणतात. पोटासाठी होमिओपॅथी आणि मनासाठी नाणी असा माझा दीर्घकाळचा शिरस्ता आहे. शिवराईपासून सुरू झालेला हा छंद गेली काही वर्षे या टोकनांपाशी रमला आहे. बेळगावच्या माणसाने इतक्या लांबचा विषय का निवडला, हे पुढे आपोआप कळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. आजच्या क्वेबेक प्रांताचा मोठा भाग तेव्हा ‘लोअर कॅनडा’ या नावाने ओळखला जाई. 1763 च्या तहाने फ्रेंचांची ही वसाहत इंग्रजांकडे आली. खेड्यापाड्यांतली प्रजा फ्रेंच बोलणारी राहिली. सरकार आणि बराचसा मोठा व्यापार इंग्रजीत चालू लागला. लंडनच्या सरकारने या वसाहतीला खुर्दा कधी पुरेसा पाठवलाच नाही. मोठ्या व्यवहाराला सोने-चांदी आणि नोटा होत्या, पण पावभाजीपुरत्या खरेदीला काय द्यायचे? इंग्लंड-आयर्लंडचे झिजलेले पैसे, अमेरिकेचे सेंट, व्यापाऱ्यांनी बाहेरून मागवलेली हलक्या वजनाची टोकने, सारे एकत्र फिरत होते. काही टोकने तर मुद्दाम अशी पाडलेली, की ती जन्मतःच झिजलेली दिसावीत. झिजलेल्या नाण्याकडे कोण निरखून पाहतो?

अंकुशी, चांदवडी, शहापुरी अशा रुपयांच्या गर्दीत सराफाच्या बट्ट्याने आपले पूर्वज कसे बेजार होत, हे तुम्ही घरच्या जुन्या वह्यांत वाचले असेल. तिथेही तेच दुखणे होते. 1835 मध्ये बँकांनी ही भेसळ वजनावर सोडून अन्यथा घ्यायचे नाकारले. धनिकाला त्याने फरक पडला नाही. ज्याची सारी शिल्लक तांब्यातच होती, त्या मजुराचा पैसा मात्र रातोरात मोडीत निघाला.

मग बँकांनीच चांगल्या वजनाचे पैसे काढायचे ठरवले. 1817 मध्ये स्थापन झालेली ‘बँक ऑफ मॉंट्रियल’ यात पुढे होती. तिच्या पहिल्या टोकनावर फुलांचा गुच्छ आहे, म्हणून त्यांना ‘गुच्छाचे सू’ म्हणतात. ‘सू’ म्हणजे फ्रेंचांचा अर्ध्या पेनीइतका पैसा. लोकांना समजावे म्हणून बँकेने त्यावर फ्रेंच मजकूर घातला. पण ‘एक सू’ लिहिताना ‘सू’च्या शेवटी अनेकवचनाचा एस लागला. म्हणजे मराठीत कोणी नाण्यावर ‘एक पैसे’ कोरावे तसे! बेळगावात राहणाऱ्यांना परक्याने लिहिलेली आपल्या भाषेतली पाटी वाचताना काय वाटते, हे मी वेगळे सांगायला नको.

‘बांक द्यू पप्ल’, म्हणजे लोकांची बँक, ही फ्रेंच कॅनेडियन पुढाऱ्यांशी जवळीक असलेली बँक. तिच्या सूवर शब्द शुद्ध आहे. तिच्या 1837 च्या सूवर गुच्छाच्या कडेला एक बारीक तारा आणि एक टोपी आहे. ही टोपी फ्रेंच राज्यक्रांतीतली, स्वातंत्र्याची खूण. बँकेतल्याच कोणीतरी ती हळूच घालायला लावली, अशी आख्यायिका आहे. त्याच वर्षी लोअर कॅनडात लुई-जोझेफ पापिनो यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीतून उठाव झाला. म्हणून संग्राहक या पैशाला ‘बंडाचा सू’ म्हणतात. बँकेचे प्रमुख लुई-मिशेल विजे हे पापिनोंचे चुलतभाऊ. उठावाच्या वेळी त्यांना तुरुंगात जावे लागले.

त्याच 1837 सालाची छाप असलेले दुसरे टोकन माझ्या सर्वांत आवडीचे. सरकारच्या परवानगीने बँक ऑफ मॉंट्रियल, सिटी बँक, क्वेबेक बँक आणि बांक द्यू पप्ल या चार बँकांनी ते एकाच नमुन्यावर काढले. त्याच्या एका अंगाला राजा नाही, देवी नाही. हिवाळी वेशातला शेतकरी उभा आहे. डोक्याला लोकरी टोपी, अंगात लांब डगला, कमरेला पट्टा, हातात चाबूक. तिथे अशा शेतकऱ्याला ‘आबितां’ म्हणतात. त्याच्याभोवती फ्रेंच मजकूर आहे, मागच्या बाजूला मॉंट्रियलचे शहरचिन्ह, त्यावरच्या फितीत बँकेचे नाव आणि इंग्रजीत किंमत. पापिनोंच्या अनुयायांनी विलायती कापड टाकून घरच्या विणीचे कपडे घालायला सुरुवात केली होती. आपल्या स्वदेशी चळवळीच्या जवळजवळ सत्तर वर्षे आधीची ही गोष्ट. त्यामुळे या पैशालाच ‘पापिनो’ असे टोपणनाव पडले. उठाव मोडल्यावर, 1838 मध्ये, हे पैसे बाजारात आले.

ते पाडले गेले बर्मिंगहॅमला, बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्यात. याच बोल्टनच्या टांकसाळीने 1791 आणि 1794 मध्ये मुंबई इलाख्यासाठी तराजूच्या छापाचे तांब्याचे पैसे पाडले होते. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या डब्यात तराजूवाला पैसा सापडला, तर तो आबितांच्या पैशाचा थोरला भाऊ समजा.

आता तीन पैसे शेजारी ठेवून पाहा. पहिला 1837 चा आबितां, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. दुसरा 1842 चा, बँक ऑफ मॉंट्रियलचाच. त्यावर शेतकरी नाही, बँकेची इमारत आहे. आणि फ्रेंच शब्द एकही नाही. मधल्या काळात दोन्ही कॅनडा एकत्र केले गेले होते, आणि 1840 च्या त्या कायद्याने विधिमंडळाच्या लेखी कामकाजाची भाषा फक्त इंग्रजी ठरवली होती. ते बंधन 1848 मध्ये उठले. तिसरा पैसा 1852 चा, क्वेबेक बँकेचा. त्यावर आबितां परत आला आहे, आणि सोबत फ्रेंच भाषाही. कायद्याचे पुस्तक न उघडता, तळहातावर मावणाऱ्या तीन तांब्याच्या चकत्यांत एका भाषेचे जाणे-येणे वाचता येते. जिचे बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत आहेत, पण राजभाषा दुसरी आहे, अशा भाषेची ही कहाणी. इंदूर-बडोदे, हैदराबाद किंवा बेळगावच्या मराठी घराला ती परकी कशी वाटेल?

इंग्रजीभाषक अप्पर कॅनडातल्या बँकेने 1850 ते 1857 या काळात काढलेल्या टोकनांवर सेंट जॉर्ज राक्षसी सर्पाला मारतो आहे. हे चित्रही आपल्या गिऱ्हाइकाला ओळखूनच निवडलेले. 1858 मध्ये दशमान सेंट आले, शंभर सेंटांचे वजन बरोबर एक पौंड. जाडजूड टोकनांची सवय झालेल्या लोकांना ते इतके हलके वाटले की सुरुवातीला ते नकोसेच झाले.

या छंदाविषयी थोडेसे. ही टोकने लाखोंनी पाडली गेल्यामुळे आबितां किंवा सेंट जॉर्ज आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात मिळतात. महाग आहे ते 1838-39 चे, बँकेची इमारत बाजूने दाखवणारे टोकन. काम निकृष्ट म्हणून बँकेने ते परत पाठवले, आणि त्यामुळेच ते दुर्मीळ झाले. गुच्छाच्या सूचे प्रकार पाने आणि देठ मोजून ओळखावे लागतात. होमिओपॅथला हे काम जड जात नाही. दोन रुग्णांचा ताप सारखा दिसला तरी बारीकसारीक लक्षणांवरून औषध वेगळे निघते. योगायोग असा की या नाण्यांच्या आद्य सूचीकारांपैकी एक, मॉंट्रियलचे जोझेफ लरू, डॉक्टरच होते. त्यांची सूची 1888 मध्ये निघाली, आणि ब्रेटन यांची 1894 मध्ये. संग्राहक आजही ब्रेटनचे क्रमांक सांगतात. आबितांचा दोन सूचा पैसा म्हणजे ब्रेटन 521.

शेवटी एक विनंती. तुमच्या देवघरात, आजीच्या डब्यात तांब्याचे जुने पैसे असतील. ते चिंचेने किंवा राखेने घासू नका. वरचा तपकिरी थर नाण्याचे रक्षण करतो. तो गेला की बारीक अक्षरेही जातात. आणि तो पैसा घरात कोणी, कुठून आणला हे ठाऊक असलेले माणूस अजून तुमच्यात असेल, तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसून एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी नाण्यासोबत ठेवा. ती मराठीतच लिहा.