ठाण्याचे रक्तसाक्षी आणि मागे उरलेले जोर्डन

९ एप्रिल १३२१ रोजी ठाण्यात टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स व तिफ्लिसचे दिमेत्रियस हे फ्रान्सिस्कन बंधू श्रद्धेपायी रक्तसाक्षी झाले. दोन दिवसांनी सिएनाचे पीटरही. त्यांचे सोबती, डॉमिनिकन फादर जोर्डन कॅटलानी, तेव्हा ठाण्यात नव्हते. परतल्यावर त्यांनी मृतदेह सोपाऱ्यात (आजचे नालासोपारा) पुरले आणि एकट्याने सुवार्ताकार्य चालू ठेवले. त्याच वर्षीच्या त्यांच्या पत्रात ठाणे-सोपारा यांदरम्यानच्या ३५ बाप्तिस्म्यांची नोंद आहे. जानेवारी १३२४ मध्ये ठाण्याहून लिहिताना ते छळ, आजार आणि एकटेपणा मोकळेपणाने सांगतात, त्याच पत्रात आणखी धर्मबंधू पाठवण्याची विनंतीही करतात. निर्भय वीराची भाषा तेथे नाही; म्हणूनच आम्हांला ते पत्र जवळचे वाटते. १३२९ मध्ये ते क्विलोनचे, म्हणजे कोल्लमचे, बिशप नेमले गेले.