उद्या न दिसणाऱ्याचा हिशेब

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. अशा एखाद्या जुन्या ग्रंथालयातला अभ्यासक डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या मेजावर तीनच ग्रंथ मावतात. बाकीचे आतल्या कपाटांत. चौथा हवा झाला की मेजावरचा एक परत पाठवावा लागतो. कोणता? निवड चुकली, तर घटकाभरात त्याच ग्रंथासाठी पुन्हा खेप.

संगणकापुढे हा पेच १९६२ साली मँचेस्टरच्या ‘अ‍ॅटलस’ यंत्रात उभा राहिला. त्याच्या वेगवान स्मृतीत प्रत्येकी ५१२ शब्दांची ३२ पाने मावत. उरलेला मजकूर फिरत्या ड्रमवर असे. कोणते पान ड्रमवर धाडायचे, हे यंत्रानेच ठरवायचे होते, तेही पुढची मागणी ठाऊक नसताना.

दोन रीती रूढ झाल्या. जे पान आधी आले ते आधी काढायचे, ही ‘फिफो’. ज्याला सर्वांत जास्त वेळ हात लागलेला नाही ते काढायचे, ही ‘एलआरयू’. १९६६ साली आयबीएमच्या लास्लो बेलाडी यांनी तुलनेसाठी एक आदर्श मांडला : ज्याची गरज सर्वांत उशिरा पडणार, ते पान काढावे. त्यासाठी भविष्य कळायला हवे. म्हणून तो केवळ मोजपट्टी म्हणून उपयोगी.

आता पाच ग्रंथांची मागणी या क्रमाने येते असे धरू : १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. रिकाम्या मेजापासून सुरुवात केली, तर तीन ग्रंथांच्या मेजावर आदर्शाला ७ खेपा पडतात, फिफोला ९, एलआरयूला १०. मेज चार ग्रंथांचे केले, तर एलआरयूच्या खेपा ८ होतात, फिफोच्या मात्र वाढून १०! जागा वाढवून काम बिघडते, हा चमत्कार बेलाडी आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. एका उदाहरणावरून निवाडा करू नये, हा त्यातला धडा.

मग निवाडा कशावरून? १९८५ साली डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी सर्वांत वाईट मागणीक्रम गृहीत धरला. मेजावर तीन ग्रंथ मावत असतील, तर दोन्ही रीतींच्या खेपा आदर्शाच्या तिपटीपलीकडे जात नाहीत. बत्तीस मावत असतील, तर बत्तीसपटीपलीकडे. चिठ्ठ्या टाकून निवड न करणारी कोणतीही रीत याहून चांगली हमी देऊ शकत नाही. म्हणजे फिफो आणि एलआरयू बरोबरीत!

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना हे पटण्यासारखे नव्हते. एलआरयू बहुधा सरस ठरते, हा त्यांचा अनुभव. कार्यक्रम काही काळ त्याच त्या पानांभोवती घोटाळतो, हे पीटर डेनिंग यांनी १९६८ सालीच मांडले होते. नव्या मोजपट्टीत या सवयीला जागाच नव्हती. १९९१ साली प्रभाकर राघवन आणि इतरांनी, कोणत्या पानामागून कोणते मागितले जाऊ शकते, याचा नकाशा हिशेबात घेतला. अशा कोणत्याही नकाशावर एलआरयू फिफोपेक्षा उणी पडत नाही, ही सिद्धता ख्रोबाक आणि नोगा यांनी १९९९ साली दिली.

मुंबईच्या आयआयटीत शिकलेले धर्मेंद्र मोधा यांनी निम्रोद मेगिद्दो यांच्यासह २००३ साली आयबीएममध्ये मांडलेली ‘एआरसी’ पुढची पायरी आहे. नुकतीच एकदा मागितलेली पाने आणि पुन्हा पुन्हा मागितलेली पाने, अशा दोन याद्या ती ठेवते. काढलेल्या पानांची नावेही काही काळ लक्षात ठेवते. त्यांतले एखादे परत मागितले गेले, की ते ज्या यादीतले त्या यादीला झुकते माप देते.

या चार दशकांत रीतींइतकीच मोजपट्टीही घडत गेली. उद्या न दिसणाऱ्याला सर्वज्ञाशी तोलायचे, तर त्याच्यापुढे कोणत्या मागण्या येणार होत्या, हे आधी पाहावे लागते. केवळ सर्वांत वाईट दिवस धरून तोलले, तर शहाणा आणि यांत्रिक एकाच पंक्तीला बसतात.