भारतातील शिक्षण व संशोधन संगणक जाळी

शिक्षण व संशोधन संगणक जाळे म्हणजे विद्यापीठे, संशोधन संस्था, महाविद्यालये आणि त्यांची ग्रंथालये यांना परस्परांशी जोडण्यासाठी सामाईकपणे उभारलेले व चालविलेले संगणकीय जाळे होय. भारतात अशा जाळ्याची सुरुवात १९८६ साली 'एर्नेट' या प्रकल्पाने झाली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'यूजीसी-इन्फोनेट' आणि केंद्र शासनाचे 'राष्ट्रीय ज्ञान जाळे' (नॅशनल नॉलेज नेटवर्क) ही त्यातील प्रमुख जाळी ठरली. या इतिहासात मुंबई आणि पुणे येथील संस्थांचा वाटा मोठा आहे. विद्यापीठांच्या पातळीवर ही जाळी बरीचशी पोहोचली असली, तरी ग्रामीण भागातील संलग्न महाविद्यालयांपर्यंत तोच वेग नेणे हा त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न राहिला आहे.

संकल्पना

इंटरनेटची जोडणी प्रत्येक संस्थेने स्वतंत्रपणे विकत घेतली, तर लहान संस्थेला ती महाग पडते. दूरसंचार कंपनीशी दराची घासाघीस करण्याची ताकदही एकट्या संस्थेपाशी नसते. अनेक संस्थांनी एकत्र येऊन मोठ्या क्षमतेची मार्गिका घेतली, तर दर एककामागील खर्च उतरतो. सर्व संस्था एकाच वेळी पूर्ण क्षमता वापरत नसल्यामुळे प्रत्येकीला गरजेच्या वेळी अधिक वेग मिळू शकतो.

अशा जाळ्याचे साधारणतः तीन भाग असतात. मोठ्या शहरांना जोडणारा वेगवान कणा हा पहिला भाग, संस्थांच्या मार्गिका जिथे कण्याला मिळतात ती प्रादेशिक केंद्रे हा दुसरा आणि केंद्रापासून संस्थेच्या आवारापर्यंतची शेवटची जोडणी हा तिसरा. कण्याचा खर्च सर्वांमध्ये वाटला जातो. शेवटच्या जोडणीचा भार मात्र बहुतांशी एकाच संस्थेसाठी असतो. त्यामुळे शहरापासून दूर असलेल्या संस्थेला सामाईक जाळ्याचा लाभ मिळणे तुलनेने कठीण जाते.

एर्नेट

भारत शासनाच्या तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) अर्थसाहाय्याने १९८६ मध्ये एर्नेट प्रकल्प सुरू केला. त्यात आठ संस्था सहभागी होत्या. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी), बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि दिल्लीतील खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा त्या आठ होत.

आरंभीच्या काळात संगणक सतत जोडलेले नसत. ठरावीक वेळी एक संगणक दूरध्वनीच्या मार्गाने दुसऱ्याला जोडला जाई आणि साठलेले ईमेल देऊन-घेऊन जोडणी तोडली जाई. पुढे प्रति सेकंद ९.६ किलोबिट्स क्षमतेच्या भाड्याच्या मार्गिका घेण्यात आल्या व १९९२ पर्यंत प्रमुख संस्था त्यांनी जोडल्या गेल्या. त्याच सुमारास मुंबईच्या एनसीएसटीमधून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यापर्यंत ६४ किलोबिट्स क्षमतेची मार्गिका सुरू झाली आणि देशातील संशोधकांना आंतरराष्ट्रीय इंटरनेटचे दार मुंबईमार्गे खुले झाले. ९.६ किलोबिट्सच्या मार्गिकेवरून दहा लाख बाइट्सची फाइल पाठवण्यास सुमारे १४ मिनिटे लागतात, यावरून त्या काळातील मर्यादांची कल्पना येते.

एनसीएसटीचे संस्थापक संचालक श्रीनिवासन रमाणी यांचा या उभारणीत मोठा सहभाग होता. या कार्याबद्दल २०१४ मध्ये त्यांचा 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. म्हणजेच भारतात बाजारपेठेच्या आधी काही वर्षे इंटरनेट शैक्षणिक संस्थांमध्ये रुजले होते. १९९८ मध्ये एर्नेट इंडिया ही स्वायत्त संस्था झाली. शैक्षणिक व संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांसाठी राखीव असलेल्या 'एसी डॉट इन', 'ईडीयू डॉट इन' व 'आरईएस डॉट इन' या नावांची नोंदणी तिच्याकडे आहे. एनसीएसटी पुढे पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) विलीन झाले.

ग्रंथालयांचे जाळे

विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडण्यासाठी 'इन्फ्लिबनेट' हा कार्यक्रम १९९१ मध्ये पुण्यातील खगोलशास्त्र व खगोलभौतिकी आंतरविद्यापीठ केंद्राच्या (आयुका) छत्राखाली सुरू झाला. १९९६ मध्ये ते स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र बनले. त्याचे मुख्यालय प्रथम अहमदाबाद येथे होते व नंतर ते गांधीनगर येथे गेले. विद्यापीठ अनुदान आयोग, एर्नेट व इन्फ्लिबनेट यांनी मिळून यूजीसी-इन्फोनेट उभारले आणि २००४ पासून त्यावरून विद्यापीठांना ई-नियतकालिके सामूहिक वर्गणीने उपलब्ध होऊ लागली. मार्गिकेप्रमाणेच वर्गणीही एकत्रितपणे घेतली तर स्वस्त पडते, हे तत्त्व येथे वापरले गेले.

राष्ट्रीय ज्ञान जाळे

सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय ज्ञान आयोगाने उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अतिवेगवान जाळ्याची शिफारस केली. त्याच्या प्राथमिक टप्प्याचे उद्घाटन एप्रिल २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. अंमलबजावणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे (एनआयसी) सोपवण्यात आली आणि सुमारे १,५०० संस्था जोडण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. कण्याची क्षमता प्रति सेकंद अनेक गिगाबिट्स इतकी आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मुंबई हेच मुख्य दार राहिले. २००६ मध्ये एर्नेट आणि युरोपातील 'जीआँ' हे जाळे यांच्यात मुंबई ते मिलान अशी ४५ मेगाबिट्सची जोडणी झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचे दुसऱ्या स्तराचे संगणन केंद्र आहे. तेथे येणाऱ्या प्रचंड माहितीसाठी अशा जोडण्या अनिवार्य ठरतात.

संलग्न महाविद्यालये व ग्रामीण भाग

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात १,१६८ विद्यापीठे व ४५,४७३ महाविद्यालये नोंदलेली होती आणि सुमारे ६१ टक्के महाविद्यालये ग्रामीण भागात होती. राष्ट्रीय ज्ञान जाळ्याचे १,५०० संस्थांचे उद्दिष्ट या संख्येच्या तुलनेत लहान आहे. बहुतांश विद्यार्थी मात्र विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तर संलग्न महाविद्यालयांत शिकतात.

ही तफावत २००९ मध्ये सुरू झालेल्या 'माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान' या योजनेतही दिसते. तीत विद्यापीठाला १ गिगाबिटची जोडणी, तर महाविद्यालयाला ५१२ किलोबिट्सच्या कमाल २० ब्रॉडबँड जोडण्या देण्याची तरतूद होती. या सर्व जोडण्या एकत्र धरल्या तरी महाविद्यालयाची क्षमता विद्यापीठाच्या सुमारे एक शतांश भरते. खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्राने व उर्वरित संस्थेने उचलायचा होता.

वाशीम जिल्ह्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा जिल्ह्यांसह संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावातून जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने वेगवान जाळ्याचे टोक अमरावतीला, विद्यापीठाच्या मुख्य आवारात असते. तेथून महाविद्यालयापर्यंतचे आणि महाविद्यालयापासून घरापर्यंतचे अंतर त्या जाळ्याच्या कक्षेबाहेर राहते.

वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा प्रस्तावित आहे. तिच्या उभारणीसाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांस मंजुरी दिली. अशा वेधशाळेची नोंद अमेरिका, युरोप व जपानमधील वेधशाळांच्या नोंदींशी जुळवल्यावरच लहरीचा उगम आकाशात कोठे आहे हे नेमके ठरवता येते. म्हणून अतिवेगवान संशोधन जाळे ही तिची मूलभूत गरज आहे. त्याच परिसरातील महाविद्यालयांना अशा मार्गिकेचा लाभ मिळेल की नाही, हे शेवटच्या जोडणीच्या नियोजनावर अवलंबून राहील.

ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग अवलंबले गेले आहेत. पहिला मार्ग तारेचा. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. ती शैक्षणिक जाळ्याचा भाग नसली, तरी गावापर्यंतची मार्गिका तिच्यामुळे शक्य होते. दुसरा मार्ग प्रवेशाधिकाराचा. इन्फ्लिबनेटच्या 'एन-लिस्ट' योजनेत महाविद्यालयातील शिक्षक व विद्यार्थ्यांना व्यक्तिगत सदस्यनाम व परवलीचा शब्द दिला जातो. त्यामुळे महाविद्यालयाची स्वतःची जोडणी कमकुवत असली, तरी घरून किंवा मोबाइल फोनवरूनही ई-पुस्तके व नियतकालिके वाचता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'एक राष्ट्र एक वर्गणी' या योजनेने केंद्र व राज्य शासनांच्या ६,३०० हून अधिक संस्थांसाठी सुमारे १३,००० नियतकालिके खुली करण्याचे ठरवले असून समन्वयाचे काम इन्फ्लिबनेटकडे आहे.

इतर देशांतील प्रयत्न

आफ्रिका खंडातील विद्यापीठांपुढेही हाच प्रश्न होता. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील राष्ट्रीय जाळ्यांनी २००५ मध्ये 'उबुंटूनेट अलायन्स' स्थापन केली. केनिया, मलावी, मोझांबिक, रवांडा व दक्षिण आफ्रिका येथील जाळी तिची संस्थापक सदस्य होती. त्या काळी पूर्व आफ्रिका महागड्या उपग्रह जोडण्यांवर अवलंबून होती आणि दोन शेजारी देशांतील संदेशही अनेकदा युरोपमार्गे फिरून जात. २००९ मध्ये सुरू झालेल्या 'सीकॉम' या समुद्री केबलने पूर्व व दक्षिण आफ्रिका मुंबईशी आणि युरोपशी जोडली गेली. पश्चिम व मध्य आफ्रिकेसाठी 'वॅक्रेन' हे प्रादेशिक जाळे उभे राहिले. भारताने २००९ मध्ये आफ्रिकी देशांसाठी 'अखिल आफ्रिका ई-जाळे' सुरू केले व त्याद्वारे भारतीय विद्यापीठांचे वर्ग उपग्रहामार्फत तेथील विद्यार्थ्यांपर्यंत नेले. समुद्री केबल किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर आफ्रिकेतही अंतर्भागातील संस्थांपर्यंत मार्गिका नेणे हा पुढचा टप्पा ठरला. विदर्भातील संलग्न महाविद्यालयांप्रमाणे तेथेही अडचण कण्यापेक्षा शेवटच्या जोडणीची आहे.